गार्ड काढला तरी चालतंय

"'रन्स' लिही. चार अक्षरांचा शब्द आहे. त्यात तुझं एवढं अडतंय कुठे?"

"'रन्स'मध्येच अडतंय."

"सरोज, चालणे म्हणजे रन. हे शेंबड्या पोरालाही येतं."

"माणूस चालला की वॉक. गाडी चालली की रन. आणि बायकोने विचारलं, आज आमटीऐवजी पिठलं केलं तर, आणि तुम्ही म्हणालात 'चालतंय', तर तिथे काय लिहू? द पिठलं रन्स?"

"मला शिकवू नकोस! मी तुझ्या कोचिंगमधला नाही."

"असतात तर बाकावर उभं केलं असतं. परत लावा तो मेसेज."

अच्युतने फोन टेबलावर ठेवला, जरा जोरातच. पोह्यांच्या प्लेटमधला चमचा उडाला. अकरा सेकंदांचा त्याचाच आवाज सकाळपासून चौथ्यांदा स्वयंपाकघरात घुमला: "दिगू, सोमवारी माल जायचाय बघ. गार्ड काढला तरी चालतंय, पण प्रेस एकदा चालू झाली की मध्ये थांबवू नकोस." पाठीमागे कारखान्याची धडधड, कुणीतरी पंजाबीत घातलेली हाक, आणि संपलं.

"ऐकलंस? मी काय म्हणालो? गार्ड काढला तरी प्रेस चालते. ही माहिती झाली. हुकूम नाही."

"माहिती? दिगंबर भावजी बारा वर्षं प्रेस चालवतायत. गार्ड काढल्यावर ती चालते, हे त्यांना तुमच्याकडून कळायचं होतं?"

वल्लरी दारात बूट घालत होती. नववीत होती, चंदीगडमध्येच जन्मलेली. मराठीतलं सगळं कळायचं, पण उत्तर मात्र हिंदीतच यायचं. लेस बांधता बांधता मान वर न करता ती म्हणाली, "पापा, चलेगा मतलब चलेगा ना. ओके है. इसमें लड़ना क्या है?"

अच्युतने टेबलावरचा फोन पालथा ठेवला.

"बस सुटेल तुझी," अच्युत म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता.

पोरगी दप्तर उचलून गेली. जे सांगायला आई पाऊण तास झटत होती, ते तिने बुटाची लेस बांधताना सांगून टाकलं होतं. आणि बापाला ते समजलं होतं, हेच वाईट.

झालं होतं ते असं. इंडस्ट्रियल एरियात, फेज टूमध्ये, ट्रॅक्टरच्या सीटखाली बसणाऱ्या लोखंडी पट्ट्या कापायचा एक कारखाना आहे. अच्युत तिथला प्लांट इनचार्ज. पट्ट्या कापणाऱ्या प्रेसच्या तोंडावर एक जाळी असते, तिला गार्ड म्हणतात. हात आत जाऊ नये म्हणून ती असते, आणि ती असली की प्रत्येक पट्टीमागे दोन-तीन सेकंद जास्त लागतात. तीन आठवड्यांपूर्वी एका शनिवारी सकाळी दिगंबरने ती जाळी काढून काम केलं. अकरा वाजता त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आता कामगार कार्यालयात चौकशी लागली होती. कारखान्याचं म्हणणं, दिगंबरने आपल्या मर्जीने गार्ड काढला. दिगंबरच्या फोनमध्ये मात्र हा मेसेज निघाला, सकाळी सव्वानऊचा. तिथल्या साहेबांना मराठी येत नाही. त्यांनी सांगितलं, दोन्ही भाषा जाणणाऱ्या आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या माणसाकडून याचं इंग्रजी करून आणा, खाली सही घ्या. कारखान्याने अच्युतची बायको सुचवली, सेक्टर चौतीसमध्ये इंग्रजी व्याकरण शिकवते म्हणून. आणि दिगंबरची बायको लता, जिने नाही म्हणायला हवं होतं, तीच पहिली म्हणाली, "वैनी करणार असतील तर आमची हरकत न्हाई."

मंगळवारी दुपारी तीनला तो कागद द्यायचा होता. आज मंगळवार होता.

"मी अकराची बॅच घेऊन येते," सरोज उठत म्हणाली. "मग बघू."

"बघू नाही. मी टाइप करून घेतो. तू फक्त सही कर. दीडला खाली गाडी घेऊन येतो."

"अहो, मी अजून हो म्हटलेलं नाही."

"नाहीसुद्धा म्हटलेलं नाहीस," तो म्हणाला आणि पोहे न खाता निघून गेला.

सरोजला या शहरात येऊन सतरा वर्षं झाली. मूळची कराडची. लग्नानंतर अच्युतला इथली नोकरी लागली आणि तिलाही यावं लागलं. ही 'यावं लागलं'ची भानगड तिने नंतर कित्येकदा वर्गात सांगितली होती. "हमारी भाषा में," ती पोरांना सांगायची, "आदमी कुछ करता ही नहीं. उसको करना लगता है." पोरं हसायची. मराठी त्यांना कुठे येत होती, पण मॅडमच्या हातवाऱ्यांवर ती खूश असायची.

'चालतंय'ने तर तिला पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पाडलं होतं. सेक्टर पंचेचाळीसमधली घरमालकीण, थोराड हाडाची सरदारीण, सगळे तिला बीजी म्हणत. खोलीला नवा रंग देऊन तिने मोठ्या हौसेने विचारलं, "क्यों बेटा, कमरा कैसा लगा?" सरोजने मनातल्या मनात कराडचं 'चालतंय की' उचललं, त्याला हिंदी कपडे घातले आणि हसून म्हणाली, "चलता है, बीजी." बीजीचा चेहरा पडला. दोन दिवस तिने लस्सी पाठवली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारणीने समजावलं की इथे 'चलता है' म्हणजे कसंबसं, भागवून घेऊ. सरोज धावत वर गेली, बीजीचे हात धरले, माफी मागितली. बीजी म्हणाली, "तो तेरी चाल्लतंय का मतलब की है?" सरोजने बराच विचार केला आणि म्हणाली, "परमिशन, बीजी. मतलब, मेरी तरफ से हाँ है."

मेरी तरफ से हाँ है. सतरा वर्षांपूर्वी तिनेच केलेलं भाषांतर. आज ॲक्टिव्हावरून जाताना ते आठवलं आणि चौकातल्या लाल दिव्यावर ती हिरवा लागला तरी उभीच राहिली. मागून दोन हॉर्न वाजले.

मार्च होता. इथे मार्चमध्ये झाडं पानं टाकतात आणि सगळे रस्ते पिवळे होतात. सेक्टर चौतीसच्या जिन्यातसुद्धा पानं उडून आली होती.

कोचिंगमध्ये तिला 'वर्ब मैम' म्हणतात. कारण ती नाम-सर्वनामात फार वेळ घालवत नाही. तिचं म्हणणं, माणूस कळायचा तर त्याची क्रियापदं बघा. शिकवण्याची तऱ्हाही तिची स्वतःची. ती फळ्यावर तीन रकाने आखते. पहिल्यात अंगमेहनत करणारी क्रियापदं: रन, ब्रेक, कट. दुसऱ्यात नुसती असणारी, न हलणारी: नो, सीम, बिलाँग. तिसऱ्यात चिमुकली: कॅन, मे, मस्ट, शुड. ती मुख्य क्रियापदाच्या शेजारी उभी राहतात, स्वतः काहीच करत नाहीत. "लेकिन इनको छोटा मत समझना," ती रकान्यांवर खडू नाचवत म्हणते. "मज़दूरी पहला खाना करता है. साइन यह तीसरा खाना करता है."

हे वाक्य ती गेली आठ वर्षं म्हणत आली होती. आज म्हणताना 'साइन'वर तिची जीभ अडखळली.

"मैम जी," पहिल्या बाकावरून इंद्रजितने हात वर केला. दांडगा पोरगा, कॅनडाला जायचं म्हणून तिसऱ्यांदा परीक्षा देणारा. "कॅन का मतलब सकना. फिर 'यू कॅन गो' में परमिशन कहाँ से आ गई? वो तो ताकत हुई. तू जा सकता है, टाँगें हैं तेरी."

"बढ़िया. उठ, दरवाज़े पे जा."

इंद्रजित दाराशी जाऊन उभा राहिला. सरोजने मागच्या बाकावरच्या एका मुलीला उठवलं. "यह तेरी दोस्त है. बोल, यू कॅन गो." मुलगी लाजत बोलली. वर्ग हसला. मग सरोजने टेबलावरचा डस्टर उचलला, शिक्का धरावा तसा धरला, खांदे ताठ केले, चेहरा दगडासारखा केला आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्यासारखी इंद्रजितकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. वर्ग चिडीचूप झाला. मग डस्टर टेबलावर ठोकला. "यू. कॅन. गो."

इंद्रजितने नकळत खिसा चाचपला, पासपोर्ट आहे का बघितल्यासारखा.

"लफ़्ज़ वही. क्रिया वही. फ़र्क किसमें है?"

"फ़र्क बंदे में है, मैम. मोहर किसके हाथ में है, उसमें."

सगळा वर्ग खिदळला. सरोजला हसायला आलं नाही. डस्टर हातात घेऊन ती फळ्याकडे वळली आणि तशीच उभी राहिली. शनिवारी सकाळी सव्वानऊला डस्टर कुणाच्या हातात होता? अच्युतच्या. आणि दाराशी कोण उभं होतं?

"मैम? आगे?"

"हाँ. आगे," ती म्हणाली. "लिखो. मे."

बॅच सुटली तेव्हा साडेबारा झाले होते. ती जिना उतरायला लागली तर पहिल्या वळणावर, झेरॉक्सच्या दुकानापाशी, पायरीवर लता बसली होती. मांडीवर पिशवी, डोक्यावर पदर. चार वर्षांपूर्वी अच्युतने शिरोलीच्या कारखान्यातून दिगंबरला इकडे आणलं, तेव्हा पहिले दोन महिने तो त्यांच्याच घरी राहिला होता. वल्लरीला सायकल त्यानेच शिकवली. मग लता आली, दोघांनी जवळच्या बुडैल वस्तीत खोली घेतली. दर संक्रांतीला लता सरोजकडे यायची आणि तिच्या तिळाच्या वड्या मोजून चार खायची, "तुमच्यासारख्या मला जमत न्हाईत" म्हणत.

"अगं, इथे कशाला बसलीस? वर यायचंस."

"वर पोरं हाईत तुमची. मला लाज वाटती." लता उठली नाही. सरोजच तिच्या शेजारी पायरीवर टेकली. येणारी-जाणारी पोरं "नमस्ते मैम" करत बाजूने उतरत होती.

"कसे आहेत भावजी?"

"डावा हात शिकाय लागलेत. काल शर्टाचं बटण घालाय अर्धा तास घेतला. मी घालते म्हटलं तर अंगावर आले." लताने पदर नीट केला. "वैनी, मी भांडाय आले न्हाई."

"माहितीय मला."

"एकच सांगाय आले. आमच्या बाजूनं लिवू नका. दादांच्या बाजूनं पण लिवू नका. जे बोललेत तेच लिवा. लई न्हाई, कमी न्हाई."

"भावजी काय म्हणतात?"

"ते?" लता हसली, पण ते हसू नव्हतं. "ते म्हणत्यात, दादांनी मला उचलून गाडीत घातलं, मी त्यास्नी कसा अडकवू. म्हणत्यात, चूक त्या प्रेसचीच. ती हायच तसली. ती ऐकत न्हाई, तिला एकदा सुरू केली की ती माणसाचं बघत न्हाई. वैनी, ते तिच्याबद्दल असं बोलत्यात जशी माझी सवतच. सगळा कारखानाच बोलतोय म्हणं असं. दादा पण."

"काय पण?"

"दादा पण तिला 'ती'च म्हणत्यात. आज ती रुसली, आज ती बरी चालली."

सरोजने मान वळवून लताकडे बघितलं.

"तुझ्या फोनवर आहे तो मेसेज?"

लताने फोन काढला. झेरॉक्सचं यंत्र घरघरत होतं, म्हणून सरोजने फोन कानाला लावला. दिगू, सोमवारी माल जायचाय बघ. गार्ड काढला तरी चालतंय, पण प्रेस एकदा चालू झाली की.

तिने फोन कानावरून काढला. परत लावला. चालतंय. चालू झाली.

प्रेस चालू झाली. ती. मग प्रेस चालते म्हणायचं असतं तर अच्युत काय म्हणाला असता? चालतीय. गार्ड काढला तरी चालतीय. तो म्हणाला 'चालतंय'. ना ती, ना तो. ज्याला कर्ताच नसतो ते 'चालतंय'. पिठलं केलं तरी चालतंय. उशिरा आलास तरी चालतंय. इंग्रजीत क्रियापदाला लिंगच नसतं. तिथे बाई, माणूस, यंत्र, परवानगी, सगळं एकाच पोत्यात. ते पोतं अच्युतने बरोबर हेरलं होतं. पण मराठीत त्याची जीभ पकडली गेली होती, आणि हे या शहरात कळू शकेल अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली एक या पायरीवर बसली होती.

"काय झालं, वैनी?"

"काही नाही." सरोजने फोन परत दिला. "तीनला येणार ना तुम्ही दोघं?"

"गेटापाशी थांबतो."

लता दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. मागे न बघता म्हणाली, "तुमास्नी लई अवघड हाय. मला कळतंय." आणि गेली.

दीडला गाडी खाली लागलेली होती. अच्युत स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला होता. डॅशबोर्डवर पारदर्शक फोल्डर आणि त्यात टाइप केलेला एकच कागद. मागच्या सीटवर निळा टॉवेल अंथरलेला होता. तीन आठवडे तो तसाच होता, दोनदा धुवूनही डाग गेला नव्हता.

तिने दार लावल्याबरोबर त्याने गाडी काढली. दोन चौक गेले. मग तिनेच सुरुवात केली. आवाज अगदी घरगुती.

"जेवलात?"

"नाही."

"सकाळीही उपाशीच गेलात. आज काम होतं का खूप?"

"काम कसलं. सकाळपासून डोक्याला ताप. प्रेस परत बिघडली होती. दीड तास बंद पडली, मग बेल्ट बदलला तेव्हा कुठे चालायला लागली." तो जरा सैल झाला. "जुनी झालीय आता ती. मालकांना सांगून थकलो."

"ती."

"काय ती?"

"प्रेस. बिघडली, बंद पडली, चालायला लागली, जुनी झालीय." सरोज समोर रस्त्याकडे बघत होती. "मग मेसेजमध्ये ती 'चालतंय' कशी झाली?"

अच्युतने गिअर बदलला. गाडी नीट चालवत राहिला, जरा जास्तच नीट.

"मशीन," तो शेवटी म्हणाला. "ते मशीन. मला मशीन म्हणायचं होतं."

"त्याच दमात पुढे म्हणालात, प्रेस एकदा चालू झाली की."

"अगं, बोलताना माणूस व्याकरण बघतो का?"

"नाही बघत. म्हणून तर ते खरं असतं."

कामगार कार्यालयाच्या बाहेर झाडाखाली त्याने गाडी लावली. इंजिन बंद केलं. काचेवर पानं पडत होती. अजून तासभर होता. गेटापाशी, सावलीत, दोघं उभी होती. दिगंबरचा उजवा हात गळ्यात अडकवलेला, पांढराशुभ्र. त्याने गाडी ओळखली आणि डावा हात वर केला. अच्युतचाही हात आपोआप अर्धा वर गेला आणि तिथेच राहिला.

"मला वरून आलं होतं," तो म्हणाला. गेटाकडेच बघत होता. "मालक म्हणाले, सोमवारी ट्रक रिकामा जाता कामा नये, कसंही कर. मी ते 'कसंही' खाली सरकवलं. एवढंच केलं मी."

"मग हे आत सांगा."

"आत सांगू? मालकांचा काही लेखी पुरावा आहे? आवाज माझा आहे, सरोज. फोन माझा आहे. माझ्या नावावर केस होईल. फौजदारी होईल. तुला कळतंय का?"

"कळतंय."

"आणि अपघातानंतरची ती तीन मिनिटं बघितलीस का तू? नव्हतीस तिथे. मी बघितलं. सगळे लांब उभे राहिले. मी त्याला उचललं, या हातांनी. मागे झोपवलं, बत्तीस सेक्टरच्या हॉस्पिटलपर्यंत एक लाल दिवा पाळला नाही. एका हाताने गाडी चालवली, दुसऱ्याने त्याचं मनगट दाबून धरलं." त्याचा आवाज फाटला. "त्या क्रियापदांचं काय? ती कुठल्या रकान्यात टाकतेस?"

सरोज सीटवर मागे वळली. तिने मागच्या टॉवेलकडे बघितलं. हा माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं. रोज कोल्हापूरच्या बातम्या बघताना चहात दोन बिस्किटं बुडवणारा, लेकीच्या सायकलला स्वतः हवा भरणारा माणूस. दिगंबरला उचलणारा तोच. आणि सव्वानऊला मोहर उठवणाराही तोच.

"ती पहिल्या रकान्यात आहेत," ती हळूच म्हणाली. "ती तुमचीच आहेत. ती कुणी काढून घेत नाही. साहेब विचारतील तर मी शपथेवर सांगेन. पण आज त्यांनी ती विचारलेली नाहीत. आज अकरा सेकंद विचारलेत."

"फोल्डर बघ तरी."

तिने कागद बाहेर काढला. सोमवारच्या मालाची ओळ ठीक होती, त्याखाली होतं: द प्रेस रन्स इव्हन इफ द गार्ड इज रिमूव्ह्ड. चूक शोधू म्हटलं तरी सापडली नसती. काळ बरोबर, प्रयोग बरोबर, एस जागच्या जागी. परीक्षेत पूर्ण गुण द्यावे लागले असते. खाली एक रेघ, रेघेखाली तिचं नाव, कंसात तिची पदवी.

"एक शब्द आहे गं," अच्युत म्हणाला. आता तो विनवत होता. लग्नाच्या एकोणीस वर्षांत तिने हा सूर ऐकला नव्हता. "एका शब्दासाठी सगळ्या घराचं वाटोळं करू नकोस. दिगूला मी बघेन. त्याला कायमचं काम देईन, बसून करायचं. मी शब्द देतो. तो तर काहीच म्हणत नाहीये! तो स्वतः म्हणतोय, दादांची चूक नाही!"

"म्हणूनच तर."

"म्हणूनच काय?"

तिने पर्समधून पेन काढलं. वर्गात वह्या तपासायचं, लाल शाईचं. दुसरं तिच्याजवळ नव्हतं. कागद गुडघ्यावर घेतला. टाइप केलेल्या त्या ओळीवर एक आडवी रेघ मारली, पोरांच्या वहीत मारते तशी, सरळ आणि हलकी. अच्युतने तिचं मनगट धरलं. जोरात नाही. नुसतं धरलं. दिगंबरचं धरलं होतं, तोच हात असावा.

ती थांबली. त्याच्याकडे बघितलं नाही, हातही सोडवून घेतला नाही. काचेवर एक पान येऊन चिकटलं, घसरलं, गेलं. कितीतरी वेळाने त्याची बोटं एकेक करून सुटली.

तिने रेघेखाली लिहिलं. यू मे रिमूव्ह द गार्ड. पुढचं अर्धं वाक्य जसंच्या तसं: बट वन्स द प्रेस हॅज स्टार्टेड, डू नॉट स्टॉप इट. मग डाव्या बाजूला, टिपेच्या जागी, बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या की मूळ क्रियापद नपुंसकलिंगी असून बोलणाऱ्याने प्रेस हा शब्द त्याच वाक्यात स्त्रीलिंगी वापरला आहे, म्हणून ते क्रियापद प्रेसचं नाही. वाचून बघितलं. एक स्वल्पविराम घातला. सही केली.

गेटापाशी दिगंबर डाव्या हाताने लताच्या पदरावरचं पान काढत होता.

सरोजने कागद फोल्डरमध्ये ठेवला, पर्स खांद्याला लावली, दाराच्या खिट्टीला हात घातला.

"सरोज."

ती थांबली.

अच्युत समोरच बघत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी बंद. आवाज असा की जणू ऑफिसला जाताना डबा आज नको म्हणून सांगतोय.

"उद्या मी आत गेलो, तर चालेल तुला?"

तिने दार उघडलं. खाली उतरली. पानं पायाखाली चुरचुरली. तिने दार लावलं, आपटलं नाही, आणि फोल्डर छातीशी धरून ती गेटाच्या दिशेने चालायला लागली.